पिवळा दाणा

"हळदकुंकू लावून काकांनीच मारला त्याला," सलीमभाई पत्र्याच्या पलीकडे बाबांना म्हणाला. हळूच म्हणाला होता, पण आमच्या गाळ्यातला मधला पत्रा नजर अडवतो, आवाज अडवत नाही. मी टीव्हीच्या मागे गुडघ्यांवर बसले होते. एका हातात टॉर्च लावलेला मोबाईल, दुसऱ्या हातात तो एवढासा कॉम्प्युटर. टीव्हीचा पडदा काळा, आणि त्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सावकाश तरंगत जाणारी एकच पाटी : नो सिग्नल.

सकाळचे नऊ वाजून गेले होते. अकराला माणसं यायची होती.

ही गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. वर्ष झालं, पण घट बसले की ती परत येते. विचुंब्याच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये देवघर म्हणजे भिंतीतलं एक कपाट. आई त्यातच परडीत माती घालून गहू पेरते. तिसऱ्या माळेला पांढरे कोंब डोकं वर काढतात, सातव्या माळेपर्यंत वीतभर वाढून पिवळे होतात. उजेड मिळत नाही म्हणून पिवळे, असं शाळेत मला इंग्रजीतून शिकवलं होतं. आई म्हणते, देवीचा रंग आहे तो. दोन्ही खरं असावं. मी मात्र गेल्या वर्षापासून त्या पिवळ्याकडे सरळ बघू शकत नाही.

हे दिवस तसेही सरळ नसतात. पाऊस गेलेला असतो, पण दारामागे छत्री ठेवून गेल्यासारखा. दुपारी ऊन मानेवर बसतं. संध्याकाळी गाढी नदीकडून ओल्या गवताचा वास येतो आणि मागोमाग कुठल्यातरी नव्या सोसायटीतला दांडियाचा स्पीकर. बाजारात झेंडूचे ढीग, पोत्यांवर बसून भाव सांगणाऱ्या बायका. आणि सकाळी तळोज्याच्या रस्त्यावर तो आंबूस, रासायनिक वास. पाहुणे नाक धरतात. आम्हाला तो जाणवतो सुट्टीच्या दिवशी, जेव्हा नसतो तेव्हा. दसऱ्याला तो नसतो. तेवढा एक दिवस हवा कशी आहे ते कळतं, आणि थोडं चुकल्यासारखं वाटतं.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत आतल्या रस्त्यावर बाबांचा गाळा आहे. तिथे पोलादाला पाणी देतात. दातेरी चाकं, पिना, जाड खिळ्यांसारखे तुकडे, सगळं आमच्याकडे मऊ येतं आणि कडक होऊन जातं. भट्टीत लाल करायचं, तेलात बुडवायचं. ऐकायला दोन कामं. पण थोडं कमी तापलं तर वस्तू मऊच राहते, थोडं जास्त तापलं तर तडकते. मधे एक अरुंद पट्टा असतो, तेवढाच आपला.

तो पट्टा हिराजीकाकांना डोळ्यांनी दिसतो. काका बाबांपेक्षा मोठे, बावीस वर्षं गाळ्यात आहेत. खाडीकाठच्या गावचे. त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं, तिथे आता गोदामं आहेत आणि कंटेनरच्या गाड्यांची रांग. "मिठागरवाल्याच्या पोराला लोखंड शिकवाया लागत नाय, बाय," ते मला एकदा म्हणाले होते. "आमी लहानपनापासून त्याला सरताना बघितलाय." भट्टीच्या दाराला बोटाएवढं भोक आहे. काका एक डोळा मिटून त्यातून बघतात. "जांभला हाय अजून," म्हणतात. मग सगळे थांबतात. मग पुन्हा बघतात. "आता शेंदरी झाला. काडा." सलीमभाई दार उघडतो, लांब सांडशीनं ट्रे ओढतो, तेलाचा भडका होतो, आणि तो वास घरी येईपर्यंत केसांत राहतो.

रोज सकाळी भट्टीचं बटण दाबायच्या आधी काका शेंदराच्या डबीत बोट बुडवून ते दाराच्या वरच्या कोपऱ्यात टेकवत. रोज एक बोट. इतक्या वर्षांत तिथे शेंदराचा चांगला जाड थर झाला होता, एखाद्या गावदेवीच्या पाषाणावर असतो तसा. लहानपणी सुट्टीत गाळ्यात गेले की मी त्या थराला नखानं टोकरायची. काका बघायचे, पण रागवायचे नाहीत.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना हा छोटा कॉम्प्युटर घेतला. पत्त्याच्या पानाच्या अर्ध्याएवढी हिरवी पट्टी, वर काळे चौकोन, कडेला बारीक खाचा. एक वीज घ्यायला, एक तार जोडायला, आणि टीव्हीला चित्र पाठवायला फक्त एक. भट्टीत आधीपासून एक तपमान मोजणारी तार होती. ती मी याला जोडली. घरी नवा टीव्ही आला तेव्हा जुना गाळ्यात नेला. मग भट्टी तापत जाईल तशी त्या पडद्यावर एक रेषा चढू लागली. दिवसभर बघत बसलं तरी कंटाळा येणार नाही अशी सावकाश चढणारी रेषा.

पहिल्या दिवशी काकांनी भोकातून बघितलं, मग रेषेकडे बघितलं, मग परत भोकातून. "तुजी रेघ आनि माजा शेंदूर," ते म्हणाले, "दोघं एकच बोलतात, बाय." मला आजवर मिळालेल्या सगळ्या मार्कांपेक्षा ते मोठं होतं. त्यावर मी काय म्हणाले? "हो."

मी बहुतेक वेळा एवढंच म्हणते. शाळा इंग्रजी, घर मराठी, गाळ्यात काकांची आगरी आणि सलीमभाईची तिन्ही मिसळलेली भाषा. मनात वाक्य जुळवून होईपर्यंत बोलणारी माणसं दुसऱ्या विषयावर गेलेली असतात. मग ते वाक्य तसंच आत राहतं. अशी पुष्कळ राहिली आहेत.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी गाळ्यातल्या तीनपैकी दोन भट्ट्या थंड होत्या. गिअर बनवणाऱ्या एका कंपनीची दोन माणसं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायची ठरली. त्यांना प्रत्येक मालाचं तपमान डोळ्यांसमोर दिसायला हवं होतं, आणि नोंदवलेलं. "रेषा दिसली तर काम आपलं," बाबा स्वयंपाकघरात आईला सांगत होते. "नाही तर दिवाळीनंतर गाळा सोडू. उगाच किती दिवस ओढायचं." मी बाहेर चप्पल घालत होते. एक पट्टा लावला आणि दुसरा लावायचा विसरून तशीच उभी राहिले.

खंडेनवमीला गाळा धुतात. वर्षभराचं तेलाचं काळं भुस्सा टाकून खरवडतात. हातोड्या, सांडशा, पाने, वजनकाटा, सगळं पुसून एका फळीवर मांडतात. त्या दिवशी कुठलंच यंत्र चालवायचं नाही. पूजा काकांची. त्यांच्या ताटात झेंडू, गंध, नारळ, आणि कुंकवात कालवलेल्या लालभडक अक्षता. मीही टीव्ही पुसला. सगळ्या वायरी काढल्या, कॉम्प्युटर त्याच्या डबीतून बाहेर काढला, ब्रशनं झटकला आणि टीव्हीच्या पायाला टेकवून उभा ठेवला. मूर्ती मांडावी तसा. खाचा वरच्या बाजूला आल्या होत्या. तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

काका ताट घेऊन तिथवर आले. गंधाचं बोट हवेत थांबवून त्यांनी विचारलं, "बाय, याला टिला लावू काय?"

मी मान हलवली. नको.

"बरा. याचा जीव नाजूक." त्यांनी गंध त्याच्या पुढ्यात फळीच्या लाकडावर लावलं. फुलाच्या दोन पाकळ्या वीतभर लांब ठेवल्या. लाल अक्षतांची चिमूट उचलली आणि तीही खाली लाकडावर सोडली. मग तिथून हलले. त्यांचा हात त्या हिरव्या पट्टीला लागला नाही. हे बघणारी गाळ्यात मी एकटी होते.

माझ्या ओढणीच्या गाठीत आईनं दिलेली डबी होती. आईच्या माहेरी अक्षता हळदीच्या करतात, पिवळ्या. "तुझ्या त्या यंत्राला तुझ्या हातानं वाहा," ती म्हणाली होती. सगळ्यांसमोर पुढे होऊन, वाकून, हात जोडून हे करायचं मला जड गेलं. लग्नातही मी कायम मागच्या रांगेत असते. तिथून अक्षता उडवते, त्या नवरानवरीपर्यंत कधीच जात नाहीत, पुढच्या कुणाच्या तरी अंबाड्यात अडकतात. त्या दिवशीही तसंच केलं. काकांची पाठ वळल्यावर डबी उघडली, दोन हात लांब उभी राहून चिमूटभर दाणे उडवले, आणि डबी पुन्हा गाठीत बांधून टाकली.

दसऱ्याला गाळा बंद. आपट्याची पानं, श्रीखंड, व्हॉट्सॲपवर सोनं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही कुलूप उघडलं. टीव्हीची वायर लावताना खाचेत ती जराशी अडली. मी अंगठ्यानं दाबली, तेव्हा गेली. बटण दाबलं. कॉम्प्युटरचा लाल दिवा लागला, हिरवा लुकलुकायला लागला. टीव्हीवर काही नाही.

पहिली दहा मिनिटं माणूस हसतो. टीव्हीचा रिमोट तेलाचे हात लागू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेला असतो. पिशवीवरून बटणं दाबून मी टीव्हीला सगळी दारं ठोठावायला लावली. एचडीएमआय एक, दोन, परत एक. नो सिग्नल. मग टीव्ही आधी चालू करून कॉम्प्युटर नंतर. मग उलट. मग चार्जर बदलला, कारण कमी विजेवर हे यंत्र रुसतं. मग त्याचं नखाएवढं मेमरी कार्ड काढलं, ओढणीनं पुसलं, खोडरबरानं घासलं, परत बसवलं. दर वेळी लाल दिवा लागायचा, हिरवा लुकलुकायचा. म्हणजे आत सगळं चालू होतं. तो भट्टीचं तपमान वाचत होता, आकडे लिहीत होता, बहुधा रेषाही काढत होता. फक्त बाहेर काही येत नव्हतं.

"ताई, हा बिलकुल तुमच्यावर गेलाय," सलीमभाई पडद्यावरून डोकावून म्हणाला. "अंदर से चालू, बाहेर सिग्नल नाय."

इतर वेळी मी हसले असते.

घाम मानेवरून खाली उतरत होता. बाबा दर पाच मिनिटांनी पत्र्याच्या अलीकडे येत, काही न विचारता घड्याळ बघत आणि जात. विचारलं असतं तर बरं झालं असतं. भट्टी तापायला लागली होती, काका भोकाला डोळा लावून उभे होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या शेंदराची कुणाला गरज नव्हती. सगळ्यांना हवी होती माझी रेषा.

तेव्हाच सलीमभाई पत्र्यापलीकडे ते हळदकुंकवाचं वाक्य बोलला. कुणाला दुखवायला नव्हे. बाबांचा चेहरा बघवत नव्हता म्हणून त्यानं काहीतरी कारण हातात दिलं, इतकंच. पण बुडणाऱ्याच्या हाताला जे लागेल ते तो धरतो. बाबा पत्र्याच्या अलीकडे येऊन सरळ भट्टीपाशी गेले.

"काका, किती वेळा सांगितलं तुम्हाला? इलेक्ट्रॉनिक वस्तूला ओलं लावायचं नाही. आज ती माणसं येणार, आणि तुमचं हे..." त्यांनी हातानं हवेतच टिळा लावून दाखवला. "बावीस वर्षं झाली. अजून भट्टी आणि कॉम्प्युटर यात फरक कळत नाही?"

काकांनी डोळा भोकापासून काढला. माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. ते फक्त वाट बघत होते. मला तेव्हा फक्त एक वाक्य बोलायचं होतं. बाबा, त्यांनी याला हातही लावला नाही. पाच-सहा शब्द. मी ते मनात जुळवलं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं बरोबर होतं. आणि मी मान खाली घालून परत कार्ड काढलं.

"चुकला असंल, शेठ," काका म्हणाले. सांडशी भिंतीला लावून ते तेलाच्या टाकीपलीकडे जाऊन उभे राहिले.

दहाच्या सुमारास सलीमभाई कळंबोलीहून नवी वायर घेऊन आला. मी ती लावली. नो सिग्नल. पण या नव्या वायरीच्या टोकाला रबर आखूड होतं, आणि खाचेत घातल्यावरही तिची चंदेरी पत्र्याची कड बाहेर दिसत होती. नखभर. जुन्या वायरीचं रबर सैल होऊन पुढे आलेलं, त्यामुळे इतका वेळ ते झाकलं गेलं होतं. म्हणजे ती पूर्ण आत जातच नव्हती. मी वायर काढली, टॉर्च तिरका धरला. खाचेच्या तळाशी काहीतरी होतं.

"बारीक चिमटा हवाय," मी म्हणाले. कुणाला म्हणाले माहीत नाही.

काकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात पायातला काटा काढायचा चिमटा असतो. मिठागरावरच्या माणसांकडे असतोच. ते टाकीपलीकडून आले, जुडगा माझ्यापासून चार पावलांवर स्टुलावर ठेवला आणि मागे सरले. हातात दिला नाही. जणू त्यांच्या हातातून माझ्या हातात काही आलं तर ते बिघडेल.

त्या चिमट्यानं मी तो दाणा काढला. तांदळाचा. एका टोकाला चिरडलेला, अंगावर बारीक समांतर ओरखडे. पिवळा.

काकांच्या ताटातला प्रत्येक दाणा लाल होता.

वायर टक्कन बसली. पडदा एकदा काळ्याहून काळा झाला आणि मग रेषा आली, डावीकडून अर्ध्यापर्यंत चढलेली. मी यंत्र बंद केलं तेवढे तुकडे सोडून सकाळपासूनचं सगळं तिनं लिहून ठेवलं होतं. सलीमभाईनं शिट्टी मारली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"काय झालं होतं गं?" बाबांनी दाराकडे जाता जाता विचारलं.

"लूज कनेक्शन," मी म्हणाले.

हे दोन शब्द मला नेहमी सोपे पडतात. त्यांत कुणाचा हात नसतो, कुणाची अक्षता नसते. माणूस त्यांच्या मागे पूर्ण मावतो. दाणा माझ्या मुठीत होता. तो मी कार्डाच्या रिकाम्या प्लॅस्टिक डबीत टाकला आणि डबी पर्समध्ये.

कंपनीच्या माणसांना रेषा आवडली. आधी ठरलं होतं की काका त्यांना भोकातून रंग दाखवतील, तो आणि रेषा कशी जुळते ते सांगतील. बाबांनी त्यांना बोलावलं नाही. काम मिळालं. दिवाळीनंतर गाळा सोडायचा होता, त्याऐवजी तिन्ही भट्ट्या पेटल्या.

काम मिळालं नसतं तर मी त्याच दिवशी रडत सगळं सांगितलं असतं, असं मला कधी कधी वाटतं. आनंदाच्या घरात कबुलीला जागा मिळत नाही. आज सांगू म्हणायचे, तर आज पेढे असायचे. उद्या म्हणायचे, तर उद्या नवा माल. आणि मग इतके दिवस गेले की दाण्यापेक्षा ते दिवसच सांगायला जड झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी भट्टीचं बटण दाबलं. बोट टेकवलं नाही. मला वाटलं, विसरले. तिसऱ्या दिवशीही नाही. शेंदराची डबी खिडकीत होती तिथेच राहिली, झाकणावर धूळ बसली. कुणाच्या लक्षात आलं नाही. बाबा रेषा बघत होते, सलीमभाई ट्रे बघत होता. मी तो कोपरा बघत होते. रोज नवा थर मिळत नाही म्हटल्यावर जुना भट्टीच्या आचेनं सुकायला लागला. आधी भेगा गेल्या. उन्हाळ्यात खपली निघाली. पावसात एके दिवशी अख्खा तुकडा खाली पडला आणि सलीमभाईनं तो लोखंडाच्या किसाबरोबर झाडून टाकला. खाली भट्टीचा मूळ रंग निघाला, राखाडी. बावीस वर्षांत तो कुणी पाहिला नव्हता.

टीव्हीजवळ तर काका फिरकतच नसत. रेषा किती चढली ते लांबून विचारत. एकदा पडद्यावर माशी बसली होती, तीही त्यांनी मला हाक मारून उडवायला लावली. "मना नको सांगू, बाय. माजा हात मशीनीला मानवत नाय." हसत म्हणाले. मी पण हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. दिवाळीला त्यांनी नेहमीसारखी गावच्या जाड्या मिठाची पिशवी आणली. ते मीठ वर्षभर आमच्या जेवणात होतं.

यंदाही घट बसले. पहिल्या माळेपासून मी दिवस मोजायला लागले. परीक्षेच्या आधी मोजतात तसे. आई विचारते, जेवत का नाहीस? उपास आहे म्हणते. माझ्या ऑफिसातल्या मुली रोज ठरलेल्या रंगाचे कपडे घालून फोटो काढतात. पिवळ्याच्या दिवशी मी पांढरं घालून गेले. एवढ्याशा दाण्याची इतकी भीती कुणाला वाटली असेल का, ठाऊक नाही.

आज खंडेनवमी. सकाळी आईनं डबी भरून दिली, हळदीच्या अक्षतांची. "गेल्या वर्षी लाभल्या बघ," म्हणाली. मी डबी घेतली. पर्समध्ये दुसरी डबी आधीच होती.

गाळा धुऊन झाला होता. फळीवर हातोड्या, सांडशा, पाने मांडलेले. ताट तयार होतं, ते सलीमभाईनं तयार केलं होतं, झेंडूही तोच बाजारातून घेऊन आला होता. काका दाराजवळच्या पाण्याच्या पिंपाशी उभे होते. बाहेरच्या माणसासारखे.

"काका, चला. बारा वाजायला आले," बाबा म्हणाले.

"सलीमला सांगा, शेठ."

"घ्या!" सलीमभाई म्हणाला. "माझ्या निकाहला मी नुसतं कबूल है म्हणालो तर तीनदा अडखळलो, आणि मी आरती म्हणू? अहो काका, देवी म्हणेल, तळोज्यात माणसं संपली काय?"

सगळे हसले. काकाही हसले, पण पिंपापासून हलले नाहीत. "नाय रे. माजा हात चांगला नाय. गेल्या साली बघितला ना. आता कुठं कामा चालू झाल्यात, परत कशाला खोटी."

बाबांचा चेहरा उतरला. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत त्यांना ते आठवतही नव्हतं. आपण रागात बोलतो आणि पुढे जातो. ऐकणारा तिथेच उभा असतो, पिंपापाशी. "अहो, तेव्हा मी घाईत..." बाबांनी सुरुवात केली आणि थांबले. मग माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात वाक्य आत ठेवणारी मी एकटी नाही.

"राहू दे तर," बाबा ताटाकडे वळले. "मीच करतो."

त्यांनी गंधात बोट बुडवलं. आधी भट्टी. त्यांचा हात दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे गेला, त्या राखाडी कोपऱ्याकडे, आणि मी बघितलं, काकांनी नजर रस्त्याकडे वळवली. बाहेर रस्त्यावर काहीच नव्हतं. एक टेम्पो, हार घातलेला.

मनात वाक्य जुळवायला गेले. या वेळी जुळेना. कर्ता सापडला की क्रियापद निसटत होतं. शेवटी तसंच अर्धवट घेऊन मी चालायला लागले. फळी ओलांडून, बाबांना ओलांडून, पिंपापर्यंत. एवढी पुढे मी कुठल्याच पूजेत गेले नव्हते. पर्समधून डबी काढली. झाकण घट्ट बसलं होतं, दातांनी उघडलं. दाणा तळहातावर घेतला. वर्षभरात त्याचा रंग फिका झाला होता, पण कुणीही बघून सांगितलं असतं.

काकांनी तळहाताकडे पाहिलं. मग एक डोळा मिटून, भट्टीत बघतात तसं, जवळून पाहिलं.

"काका," मी म्हणाले. माझा आवाज गाळ्यात एवढा मोठा असेल असं मला माहीत नव्हतं. "हा माझा. तुमच्या सगळ्या लाल होत्या, हा पिवळा आहे. मीच टाकला होता, लांबून. तुम्ही हात पण लावला नव्हता, मी बघितलं होतं. बाबा, ऐकताय ना? मी बघितलं होतं."